पर्सियसचा ‘ओंकार’ आणि खोडदची दुर्बीण

पुण्यातील व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, पर्सियस दीर्घिकासमूहाच्या मध्यवर्ती महाकाय दीर्घिकेतील कृष्णविवर ओंकाराचा उच्चार करते, तो नाद कृष्णविवराच्या आतून रेडिओ लहरींच्या रूपाने येतो, पुणे जिल्ह्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने तो ऐकला आहे, प्रत्येक समूहाच्या केंद्रातून असाच नाद उठतो आणि या लहरी माणसाच्या शरीरावर परिणाम करतात. सोबत नासाची ध्वनिफीत असते. ती ध्वनिफीत खरी आहे. तिच्या आधारे केलेले दावे मात्र टिकणारे नाहीत.

नासाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ध्वनिफितीचा रेडिओ दुर्बिणीशी संबंधच नाही. पर्सियसमधील तप्त वायूत उठणाऱ्या दाबाच्या लहरी चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या प्रतिमांत २००३ मध्ये आढळल्या. त्यांचा स्वर पियानोच्या मधल्या ‘सी’पेक्षा ५७ सप्तके खाली आहे, म्हणजे एका आंदोलनाला सुमारे एक कोटी वर्षे लागतात. प्रतिमेतील या लहरी ५७ आणि ५८ सप्तके वर चढवून ती फीत तयार झाली. इतक्या संस्कारांनंतर त्यात ज्याला जे हवे ते ऐकू येईल. खोडदला येतात त्या रेडिओ लहरी, आणि त्या प्रकाशाच्याच जातीच्या आहेत, ध्वनीच्या नव्हेत.

कृष्णविवराच्या आतून काहीच बाहेर येत नाही. आत पडू पाहणारा वायू बाहेरच्या बाजूला चकतीसारखा फिरतो आणि तेथूनच कणांचे झोत उसळतात. त्यांतील जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरत रेडिओ लहरी सोडतात. कन्या समूहातील एम ८७ या दीर्घिकेचा असा झोत खगोलशास्त्रज्ञ हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्येच पाहिला होता.

प्रत्येक मध्यवर्ती दीर्घिका रेडिओ लहरी जोरात सोडते, हेही खरे नाही, आणि खरी मौज येथेच आहे. ज्या समूहांच्या गाभ्यातील वायू वेगाने थंड होतो, तेथील बहुतेक मध्यवर्ती दीर्घिका रेडिओत तेजस्वी असतात; इतर समूहांत हे प्रमाण बरेच कमी भरते. थंड होणारा वायू कृष्णविवराला खाद्य पुरवतो, त्यातून झोत उसळतात, झोत वायूत प्रचंड पोकळ्या पाडून त्याला पुन्हा तापवतात आणि त्यामुळे ताऱ्यांची निर्मिती रोखली जाते. झोत थांबल्यावर अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आधी निस्तेज होतात, म्हणून जुन्या उद्रेकाच्या खुणा कमी वारंवारतेलाच दिसतात, आणि खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना नेमक्या याच कामाच्या आहेत. भुजंगधारी या दीर्घिकासमूहाच्या क्ष-किरण प्रतिमेत वायूच्या कडेला एक विलक्षण वक्र काठ दिसत होता. तो प्राचीन महाउद्रेकाने कोरलेल्या पोकळीचा काठ आहे, हे २०२० मध्ये ती पोकळी रेडिओ उत्सर्जनाने भरलेली दिसल्यावर स्पष्ट झाले, आणि त्या निरीक्षणांत खोडदच्या दुर्बिणीचीही नोंद होती. संदेश लिहिणाऱ्याला पुण्याचा अभिमान मिरवायचाच होता, तर हे उदाहरण हाताशी होते.

राहिला शरीरावरील परिणाम. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणाऱ्या या लहरी इतक्या क्षीण असतात की जवळचा एखादा मोबाइलही त्यांना सहज झाकून टाकतो. म्हणूनच दुर्बिणीच्या परिसरात मोबाइल बंद ठेवायला सांगतात.