वणव्याने जंगलाचं काही बिघडत नाही म्हणे!

दर उन्हाळ्यात हा मेसेज फिरतोच: "वणवा गेला की पहिल्या पावसात डोंगर हिरवागार, मोठी झाडं जशीच्या तशी, वर राखेचं खत फुकट." तमिळनाडूतल्या मुदुमलईत हे सगळं वर्षानुवर्षं मोजलं गेलंय म्हणून लिहितेय. 1988 मध्ये रमण सुकुमार आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या टीमने तिथे 50 हेक्टर जंगल आखून घेतलं, छातीएवढ्या उंचीवर 1 सेंमीच्या वर जाड असलेल्या प्रत्येक खोडाला नंबर दिला, आणि मग कोण मेलं, कोण वाढलं, नवीन कोण आलं ते लिहीत गेले. झाडंही आपल्या ओळखीचीच, ऐन, धावडा, साग, बहावा.

मोठी झाडं वाचतात हे खरंय, साल जाड असते. मरतात ती बारकी खोडं. त्यातली बरीच मुळापासून परत फुटतात, पण फुटवा ज्वाळांच्या वर जायच्या आत पुढचा वणवा आला की पुन्हा जमिनीपासून सुरुवात, आणि 1990 च्या दशकात मुदुमलईत असे वणवे एकापाठोपाठ येत होते. उद्या हीच मोठी झाडं म्हातारी होऊन पडली की त्यांची जागा घेणार कोण?

पावसानंतर हिरवं दिसतं ते बहुतेक गवत, आणि घाणेरी. लांबून फोटो काढला तर रोपटं आहे की घाणेरी हे कळणारच नाही!

राखेत पोटॅश, फॉस्फरस राहतो, मान्य. पण नायट्रोजन बराचसा धुरातच जातो, आणि उघड्या उतारावरची राख पहिल्या जोरदार सरीत ओढ्याला लागते.

आता दुसऱ्या बाजूचंही सांगते, कारण "वणवा म्हणजे सगळा नाश" हेही खरं नाही. मुदुमलईत वारंगाची झाडं झपाट्याने कमी झाली, त्यात मोठा वाटा हत्तींचा होता, फांद्या मोडून, साल सोलून खातात. दरवर्षीची नोंद नसती तर खापर सरसकट वणव्यावर फुटलं असतं. पानगळीचं जंगल अधूनमधून लागलेली आग सोसतं. प्रश्न दोन वणव्यांमधल्या अंतराचा आहे, आणि चांगलं गवत येतं म्हणून जो डोंगर दरवर्षी पेटवला जातो तिथे रोपांना ते अंतर मिळतच नाही.