वीस मिनिटांचा हिशेब

मार्च एंडच्या गडबडीत डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर माझा पाय मुरगळला. खाली जलद लोकल लागली होती आणि शेवटच्या चार पायऱ्या मी दोन उड्यांत उतरायला गेले. वय ४७! गाडी गेली. एका अनोळखी मुलीनं मला धरून बाकावर बसवलं, माझी चप्पल शोधून आणली आणि तिचीही गाडी गेली.

डॉक्टरांनी पंधरा दिवस धावपळ बंद सांगितली. ऑडिट तोंडावर, त्यामुळे सुट्टीचं नाव काढायची सोय नव्हती. मग धावपळीतली पळ तेवढी काढून टाकली. डोंबिवलीहूनच सुटणारी धिमी पकडायची, बसून जायचं. फोर्टातल्या या नोकरीची २२ वर्षं मी जलदनंच गेलेय. धिमी म्हणजे रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी घेतलेला मेगाब्लॉक, तोही कुरकुरत.

पहिले चार दिवस वाईट गेले. दर स्टेशनला गाडी थांबली की माझी टाच आपोआप आपटायला लागायची. भांडुपला शेजारून एखादी जलद धडधडत गेली की पोटात कालवायचं, जणू माझंच काहीतरी घेऊन चाललीय. पाचव्या दिवशी झोपले. ध्यानबिन काही नाही, चक्क झोप. विद्याविहारला जाग आली तेव्हा ओढणी ओली होती.

धिमी आणि जलद यांत सीएसएमटीपर्यंत वीसेक मिनिटांचा फरक. मी अकाउंट्समधली, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. वर्षाचे २७० दिवस धरले, तर २२ वर्षांत नुसत्या सकाळच्या जाण्यात मी जवळजवळ दोन हजार तास वाचवले. गेले कुठे ते? पेटीची परीक्षा द्यायची राहिली ती राहिलीच. आईला रोज फोन करायचा होता, तोही आठवड्यावर गेला. आठवतं ते एवढंच, "लवकर आलाच आहात तर मॅडम, जरा हे स्टेटमेंट बघून घ्या." म्हणजे धावले मी, धापा मी टाकल्या आणि वाचलेली वीस मिनिटं रोज ऑफिसला नेऊन दिली. फुकट.

आता कळव्याची खाडी दिसते, डोंगरावरचं मुंब्रादेवीचं देऊळ दिसतं. नाहूर हे माझ्यासाठी इंडिकेटरवरचं नुसतं नाव होतं, तिथे चढणाऱ्या तिघीजणी आता ओळखीचं हसतात. माटुंगा स्टेशन २०१७ पासून सगळ्या बायकाच चालवतात, हे पेपरात वाचलं होतं. तिथे गाडी थांबलेली मी आत्ता पाहिली.

पण एक दिवस समोरची बाई गवार निवडत होती. मी उगाच म्हटलं, "बरं असतं नाही, निवांत?" तिनं पिशवी माझ्यापुढे केली. "निवांत कसलं ताई, इथे झालं नाही तर रात्री अकराला करायचं. घ्या, निवडा." कुर्ल्यापर्यंत निवडली. तिची धिमी म्हणजे चाकांवरचं स्वयंपाकघर.

म्हणून ते "थोडं थांबा, श्वास घ्या"वाले सकाळचे मेसेज मला आता सोसत नाहीत (पाठवणारे बहुतेक निवृत्त, माझे सासरे धरून). श्वास घ्यायला डब्यात जागा तर हवी! ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली, किमान चौघांचा जीव गेला. त्यांना काय सांगणार, आयुष्यात समतोल साधा? दारात कुणी हौसेनं उभं राहत नाही. सकाळी सगळ्यांना एकाच वेळी एकाच दिशेला बोलावलं की दुसरं काय होणार? मध्य रेल्वेनं २०२३ मध्ये मुंबईतल्या स्वतःच्या ऑफिसात कामाच्या दोन वेळा ठेवल्या आणि इतर ऑफिसांनाही वेळा बदलायची विनंती केली. आमच्या ऑफिसात त्यावर चहा पिताना चर्चा झाली. तेवढीच.

पाय बरा झाल्यावर मीच साहेबांकडे गेले. अर्धा तास उशिरा येते, अर्धा तास उशिरा जाते. ते म्हणाले, "सगळेच मागतील." म्हटलं, मागू देत. महिनाभर लोंबकळत ठेवून हो म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या पोरीला मात्र नाही म्हणाले, ती अजून प्रोबेशनवर आहे. ती कल्याणहून येते, उभी.

याची किंमत घरात मोजावी लागते, ते लपवत नाही. संध्याकाळी अर्धा तास उशिरा पोचते, तोवर लेकाचं जेवण उरकलेलं असतं. कुकर नवरा लावतो. तीनच्या जागी पाच शिट्ट्या करतो, भाताची पेज होते. खातो.

परवा सकाळी मात्र प्लॅटफॉर्मवर उभी होते, समोर जलद आली आणि दारात चक्क जागा दिसली. काही विचार न करता चढले. सीएसएमटीला उतरून घड्याळ बघितलं, वीस मिनिटं हातात होती. ऑफिसात गेले नाही. बाहेर चहा घेतला आणि आईला फोन लावला. तिनं पहिलं विचारलं, "काय झालं गं? बरी आहेस ना?"