‘लाकूड ते लाकूडच’? माउझरच्या स्टॉकवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माउझर सी-९६ या जुन्या जर्मन पिस्तुलाच्या सुट्या लाकडी स्टॉकवरच्या माझ्या लेखाला तुमचे तीन आक्षेप आहेत. नवा नकली स्टॉक लावला तर बिघडतं कुठे, जुना घासूनपुसून चकचकीत करू नका हा निव्वळ शिष्टपणा, आणि कायद्याचा मी उगाच बाऊ केला, कारण जुन्या वस्तूंना सूट आहे.

हा स्टॉक म्हणजे अक्रोडाच्या लाकडाची पोकळ पेटी. पिस्तूल आत ठेवलं की म्यान, मुठीला जोडलं की खांद्याला टेकवायचा दस्ता. पण जोड लाकडात नसतो, पुढच्या लोखंडी तोंडात असतो. त्याची जीभ मुठीच्या मागच्या उभ्या खाचेत खालून वर सरकते आणि स्प्रिंगचा खटका तिला धरून ठेवतो. नकली मालात हे तोंड बऱ्याचदा ओतीव असतं, कोपरे गोलसर, जीभ केसभर जाड. बसत नाही म्हटल्यावर कानस निघते आणि चालते ती पिस्तुलाच्या खाचेवर! स्टॉक दुसरा मिळेल, खरवडलेली मूळ फ्रेम भरून येत नाही. बिघडतं ते इथे. जीभ बारीक निघाली तर स्टॉक डुगडुगतो आणि खटक्याची कड झिजते.

बऱ्याच मूळ स्टॉकच्या लोखंडावर पिस्तुलाचाच क्रमांक ठोकलेला असतो. चोर बाजारात सुटा स्टॉक दिसला तर लाकडाच्या रंगावर भाळू नका, आधी ते अंक भिंगातून बघा. जुन्या अंकांच्या कडा हाताळून बसलेल्या असतात, खोलात काळा मळ असतो. ताजे अंक बोटाला टोचतात. मग झाकण उघडून आत पाहा. आतून सगळीकडे एकसारखा तपकिरी रंग असेल तर तो डबा बुडवून रंगवलाय असं समजा.

आता घासण्याबद्दल. पॉलिश पेपर फिरवला की लोखंडाला लागून असलेलं लाकूड धातूच्या पातळीखाली जातं, ठसे पुसट होतात, कडा गोल होतात. हे उलटं फिरवता येत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो. जवसाच्या तेलाचे थरावर थर दिले तर मुंबईच्या दमट हवेत ते चिकट राहतात, धूळ धरतात. कोरडं मऊ फडकं आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (पेट्रोलियमपासून बनणारं बारीक कणांचं मेण) एक पातळ हात, एवढं पुरे.

पावसाळ्यात अक्रोड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतो आणि झाकण अडकतं. जोर लावला की बिजागरीजवळची पातळ भिंत चिरते. स्टॉक सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात हळूहळू सुकू द्या, आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांवर आणा. ऊन नको, एसीचा झोतही नको. तडा गेलाच तर जनावरी सरस वापरा, तो पुढे गरम पाण्याने सोडवता येतो. इपॉक्सी सुटत नाही. आणि पावसाळाभर पिस्तूल त्या लाकडात ठेवून देऊ नका, ओल सरळ धातूला लागते.

कायद्याचं. तुम्ही म्हणता ती सूट १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये आहे, पण अर्धीच वाचलीत. नुसतं जुनं असून भागत नाही, शस्त्र दुरुस्त करूनही चालण्याजोगं नसावं लागतं. किरकोळ भागांना सूट आहे, पण ते जोडीच्या भागांबरोबर वापरायचे नसतील तरच. तुमच्याकडे परवान्यावरचं चालू पिस्तूल आहे आणि त्यालाच बसणारा स्टॉक हवाय. म्हणून विकत घेण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेला लेखी विचारा. स्टॉक लावायचा तर नळी निदान १६ इंच हवी, हा तुम्ही दाखला दिलेला नियम अमेरिकेचा. इथे त्याचा संबंध नाही.

राहिलं तुम्ही म्हणता ते, स्टॉक भाच्याकडे अमेरिकेला दुरुस्तीला पाठवण्याचं. स्टॉक शंभर वर्षांपलीकडचा असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा आड येऊ शकतो, त्या कायद्याने खासगी व्यक्तीला पुरावशेष निर्यात करता येत नाहीत. पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी खुलासा मिळेपर्यंत पार्सल बांधू नका.