झेंडा शिरला की आंदोलन मेलं?

"पक्ष शिरला की आंदोलन संपतं. आपल्या मोर्चात एकही झेंडा नको, एकही नगरसेवक नको." घणसोलीपासून घोडबंदरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मजकूर फिरतोय.

पहिलं वाक्य घ्या. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उरणकडचे शेतकरी उतरले, गोळीबारात पाच जण गेले. नेते दि. बा. पाटील शेतकरी कामगार पक्षाचे. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत देण्याची योजना त्याच लढ्यातून आली. तिथं पक्ष होता आणि लढा मेला नाही.

"पक्ष फक्त श्रेय लाटतात." लाटतातच! नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव हवं म्हणून जून २०२१ मध्ये मानवी साखळी झाली, सिडकोला घेराव पडला. पुढे होती सर्वपक्षीय कृती समिती. जून २०२२ मध्ये जाता जाता एका सरकारनं तो निर्णय घेतला, जुलैत दुसऱ्यानं तोच पुन्हा घेतला. श्रेय दोघांनी घेतलं, मागणी मात्र पुढे सरकली.

"नगरसेवक नको" हे तर नवी मुंबईकरांनी भोगून पाहिलंय. मे २०२० मध्ये पालिकेची मुदत संपली आणि कित्येक वर्षं प्रशासक राहिले. निवडून आलेल्यांची सर्वसाधारण सभाच नव्हती, म्हणजे तातडीच्या प्रश्नाकडे सभेचं लक्ष वेधणारी लक्षवेधी नाही, ठरावाची सूचना नाही. निवेदनावर आवकचा शिक्का बसायचा, पुढे कोण विचारणार?

आंदोलन बिघडतं ते कागदावर. पोलीस ठाण्यातला अर्ज पक्षाच्या लेटरहेडवर गेला की नोटीसही त्यांच्याच नावानं येते आणि चर्चेचं बोलावणंही. म्हणून अर्ज समितीचा, सह्या समितीच्या. शिष्टमंडळात पक्षाचा माणूस चालेल, पण मागण्या वाचणार आणि मान्य-अमान्य म्हणणार समितीच. मंडप आणि साउंड वर्गणीतून. फुकट मंडपाबरोबर बॅनरवर फोटो येतोच. आश्वासन लेखी घ्या: खातं, मुदत, अधिकाऱ्याची सही. आणि मुदत टळली तर काय, हे उठण्याआधीच ठरवा. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून ठाण्यामार्गे मुंबईत आला, लेखी आश्वासन घेऊन परतला. तरी फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा निघावं लागलं.

तारीख ठरवताना आचारसंहिताही पाहा. ती लागली की साहेब हात वर करतात: आता नवं काही देता येत नाही.