ॲडलेडचं ऊन, गावाकडची मोटर

ऑक्टोबरातला रविवार. ॲडलेडची थंडी सरलीय, एसी लावायचे दिवस अजून लांब आहेत आणि डोक्यावर लख्ख ऊन. अशा दुपारी साऊथ ऑस्ट्रेलियात घरांच्या छतांवरच्या सौर पॅनेलांतून इतकी वीज येते की काही वेळा अख्ख्या राज्याची गरज तेवढ्यावर भागते. पण येणारी वीज त्याच क्षणी खपली नाही तर ग्रीडचा, म्हणजे विजेच्या सामायिक जाळ्याचा, तोल जातो. म्हणून सप्टेंबर २०२० पासून इथे नवं पॅनेल दुरून बंद करता आलंच पाहिजे, अशी अट आहे. मार्च २०२१ मध्ये पहिल्यांदा तशी वेळ आली.

दुपारी मी ग्रीडला दिलेल्या युनिटला काही सेंट मिळतात, संध्याकाळी घेतलेल्या युनिटला कितीतरी पट मोजावे लागतात. आधी हा अन्याय वाटायचा. आता वाटत नाही. दुपारी एकला सगळ्या गल्लीकडे वीज असते, सूर्य मावळला की कुणाच्याच छतावर नसते.

तिकडे महाराष्ट्रात, दिवसा ग्रीडला दिलेलं युनिट संध्याकाळी घेतलेल्या युनिटाशी वळतं करू द्यायचं का, यावरून २०२५ मध्ये महावितरणच्या दरप्रस्तावावर वाद पेटला. सांगलीहून दादा फोनवर चिडला होता, "आधी पॅनेल बसवा म्हणायचं आणि कर्ज काढल्यावर नियम बदलायचे?" त्याचं बरोबर आहे. ज्यांनी एका नियमावर विसंबून पैसे घातले, त्यांना तोच नियम राहिला पाहिजे. नव्यांना मात्र तीच सवलत कायम नको. तारा, रोहित्रं, संध्याकाळची औष्णिक वीज यांचा भार शेवटी स्वतःचं छत नसलेल्या भाडेकरूच्या बिलावर पडतो.

पण दुपारची वीज खपवायला आपल्याकडे आहे ते ॲडलेडकडे नाही: लाखो शेतीपंप. इथे आम्ही वॉशिंग मशीन दुपारी लावतो, त्याने किती फरक पडणार? शेतीची वीज रात्रीची असली की वडील थंडीत मध्यरात्री बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जायचे. ते परत येईपर्यंत आई सापाच्या भीतीने जागी असायची. खरं तर पिकाला रात्रीच पाणी लागतं असं मुळीच नाही. २०१७ साली आलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना नेमकं हेच धरून आहे: उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प, त्यातून शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे जाणाऱ्या वाहिनीला, दिवसा वीज. लांबून वीज आणताना होणारी गळतीही वाचते. एवढी मोठी गोष्ट हाताशी असताना सगळी चर्चा शहरातल्या छतांवर अडते, याचं मला फार वाईट वाटतं.

दर फोनला मी दादाला गावच्या फीडरचं विचारतो. अजून एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, असंच चाललंय म्हणतो.