अर्धं तिकीट, चांदोद

आज दुपारपासून डोकं फिरलंय, लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. लांब होईल, ज्यांना वेळ असेल त्यांनी वाचा.

बडोद्यातल्या दांडिया बझारचं आमचं जुनं घर बिल्डरकडे जायचंय, पुढच्या आठवड्यात चाव्या द्यायच्यात, म्हणून आम्ही सगळी भावंडं आवरायला जमलो होतो. माळ्यावरून एक गंजलेला बिस्किटाचा डबा निघाला. चुलतभावाने झाकण उघडून बघितलं, म्हणाला "आत्याचे सागरगोटे दिसतायत," आणि सरळ पस्तीच्या, म्हणजे रद्दीच्या, ढिगावर टाकला. खाली पस्तीवाला काटा घेऊन उभाच होता! आत एक तांब्याचा पैसा होता तेवढा भावाने बाजूला काढला, आपल्या गायकवाडी राज्याचा, तलवार आणि घोड्याचा खूर असलेला. "१९४८ चा आहे, ऑनलाइन शंभर दोनशे येतील." अरे दादा, ते विक्रम संवत आहे! सत्तावन्न वजा कर, १८९१ च्या आसपासचा पैसा आहे तो. बडोद्यात जन्म गेला आणि घरातल्या पैशावरचं साल वाचता येत नाही आपल्याला.

असो. डबा मी उचलून आणला. सागरगोटे, बांगड्यांच्या काचा, केसांचा एक आकडा, जुन्या पुस्तकाचं फाडलेलं पहिलं पान, आणि रेल्वेचं तिकीट. ते पूर्वीचं जाड पुठ्ठ्याचं असायचं ना, तसं. कोपरा कापलेला, म्हणजे लहान मुलाचं अर्धं तिकीट. जी. बी. एस. रेल्वे, म्हणजे गायकवाडांची नॅरो गेज, आणि पुढे चांदोद.

आत्या आता मांजलपूरला लेकीकडे असते, ८८ वर्षांची. तिला व्हिडिओ कॉल केला, तिकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आई गेली ना, तेव्हाचं आहे ते."

मी म्हटलं, अगं आत्या, आजी गेली तेव्हा मी कॉलेजात होते, तेव्हाचं कसं असेल?

"ती तुझी आजी गं. माझी आई वेगळी."

माझं वय ५३. त्रेपन्न वर्षांत मला कुणी सांगितलं नाही की आजोबांचं आधी एक लग्न झालं होतं आणि आत्या त्या पहिल्या बायकोची. बाबांनीही नाही. आणि आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे बरं का, जाड बांधणीचा, चौदा पिढ्यांचा, कोकणातून कोण कधी निघालं, कुणाला सरकारी नोकरी होती, कोण विलायतेला जाऊन आलं, सगळं आहे. घरी येऊन आधी तो काढला. आजोबांच्या नावाखाली एकच बायको, माझी आजी. त्या बाईने या घरात संसार केला, मूल झालं, गेली, आणि तिला एक ओळ नाही? संमेलनं भरवता, फेटे बांधून फोटो काढता, आणि घरातल्या बाईचं नाव लिहायला शाई संपते तुमची?

कबूल आहे, आत्याला सावत्रपणा वाटू नये म्हणूनही गप्प राहिले असतील. आजीने तिला जीव लावला, आत्या स्वतःच सांगते. पण पोरीला दुखवायचं नाही म्हणून तिची आईच पुसून टाकायची, हे मला नाही पटत.

आता ते फाडलेलं पान. त्यावर शाईने, मोठ्या गोल अक्षरात, 'हे पुस्तक कु. अमुक हिचे आहे', पुढे माहेरचं आडनाव. नाव इथे लिहीत नाही, आधी आत्याला विचारायचंय. ही तिची आई, शाळकरी वयातली. आत्या सांगत होती, आई गेल्यावर तिच्या साड्या, पुस्तकं सगळं देऊन टाकलं, तेव्हा हिने एक पान फाडून फ्रॉकमध्ये लपवलं. सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही, वय वर्षं सात ते दहा, पाठवलं नाही तर आईबापाला दंड. म्हणून तर ती मुलगी स्वतःचं नाव लिहू शकली. शाळेच्या हजेरीपटात नाव असणार तिचं, आणि आमच्या चौदा पिढ्यांत नाही.

परत परत ते तिकीटच डोळ्यांसमोर येतंय. १९४४ साल, आत्या सात वर्षांची. आजोबा अस्थी घेऊन चांदोदला निघाले, नर्मदेवर. ही कुणाकडे राहीना म्हणून बरोबर नेलं. डभोईला डबा बदलला, एवढं तिला आठवतं, आणि आजोबांच्या मांडीवरची पिशवी, जिला हात लावायचा नाही. उतरल्यावर मास्तर तिकिटं गोळा करत होते, हिने मूठ उघडलीच नाही. आजोबा ओरडले तरी नाही. शेवटी मास्तर म्हणाले, राहू द्या तिच्याकडे.

माझ्या नातीएवढी असेल हो ती तेव्हा.

आणि ते आज सकाळी काट्यावर चढणार होतं, किलोच्या भावाने.

भावाला फार बोलले मी दुपारी, सगळ्यांसमोर. घराचा टॅक्स, लाइटबिल इतकी वर्षं त्यानेच भरलं आणि दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये माणूस काय काय ठेवणार, तेही खरंच आहे. आत्ता लिहिता लिहिता त्याचा मेसेज आला, "तिकिटाचा फोटो पाठव. आणि तो पैसा माझ्या खिशातच राहिलाय, उद्या आणून देतो." पाठवला.

कुलवृत्तांतात आजोबांच्या नावाशेजारी पेनने एक नाव लिहिलंय. छापील ओळींत जागा नव्हती, समासात लिहिलं.

रविवारी डबा घेऊन मांजलपूरला जातेय. आत्याने एकच बजावलंय, घासूनबिसून आणू नकोस, आतला वास जाईल.