‘आमच्या करावर मुंबई चालते’ : एका फॉरवर्डला उत्तर

एक मेसेज मला गेल्या काही दिवसांत चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा : मलबार हिल, कफ परेड, वरळी, लोअर परळ, वांद्रे, जुहू या वस्त्या तिथल्या माणसांनी स्वतःच्या हिमतीवर उभ्या केल्या. त्यांच्याच कराच्या पैशावर मुंबई चालते. बाकीचं शहर फुकट पाणी पितं आणि फुकट घरं घेतं. सरकार कर भरणाऱ्यांसाठी काही करत नाही. उद्या ही मंडळी शहर सोडून गेली, तर मुंबई बंद पडेल.

मेसेज पाठवणारे अनोळखी असते तर मी सोडून दिलं असतं. पण त्यातले निम्मे माझ्यासारखेच गिरणगावातले, आता डोंबिवली-बदलापूरला राहणारे. ज्यांच्या आईबापांच्या कष्टांवर त्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्यांनीच हे पुढे ढकलावं याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘स्वतःच्या हिमतीवर उभ्या केल्या’

आधी जमीन कुणाची ते पाहू. मरीन ड्राइव्हच्या ज्या इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मान मिळाला, त्या जिथे उभ्या आहेत तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी समुद्र होता. बॅकबेचा भराव हे सरकारी काम. पहिल्या महायुद्धानंतर सुरू झालेल्या त्या योजनेत इतका पैसा बुडाला की मुंबईचे वकील-पुढारी खुर्शेद नरिमन यांनी त्याविरुद्ध रान उठवलं. ज्या नरिमन पॉइंटला आपण त्यांच्या नावाने ओळखतो, तोही पुढे भरावावरच झाला. समुद्र बुजवला सरकारने, खर्च सोसला जनतेने, आणि भूखंड दिले गेले ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. तिथे घर घेणाऱ्याने पैसे मोजले, हे खरं. पण पायाखालची जमीन सार्वजनिक पैशातून आली.

आता लोअर परळ आणि वरळी. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण हा माझ्या घरातला विषय आहे. माझे वडील १८ जानेवारी १९८२ ला संपात बाहेर पडले, ते पुन्हा गिरणीच्या दारातून आत गेले नाहीत. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालच्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि मग सुमारे ६०० एकर जमिनीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा असेल तर ढोबळमानाने एक तृतीयांश जागा महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाकडे. त्यावेळी हा न्याय्य तोडगा वाटला होता. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची करायची, आणि शेड पाडल्यावर जी जमीन मोकळी होते ती त्यात धरायची नाही. गिरणीच्या आवारात शेड सोडून मोकळी जागा असते ती किती? वाटणीला जवळपास काही उरलंच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा अर्थ नाकारला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली.

जिथे मुलांना खेळायला मैदानं आणि कामगारांना घरं मिळणार होती, तिथे आज कोट्यवधींच्या घरांचे मनोरे आहेत. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी. तोवर अर्जदारांपैकी कितीतरी जण गेले होते. ज्यांचा नंबर अजून लागलेला नाही, त्यांना आता मुंबईपासून लांब, शेलू आणि वांगणीची घरं दाखवली जातात. लोअर परळच्या टॉवरमधल्या कुटुंबाने हे केलं असं मी म्हणत नाही. त्यांनी बाजारभावाने घर घेतलं. पण एका नियमाच्या दुरुस्तीतून जी जमीन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेली, तिला ‘स्वतःची हिंमत’ म्हणता येणार नाही.

‘आमच्याच करावर शहर चालतं’

या वाक्यात तीन वेगवेगळे कर एकत्र मिसळले आहेत. प्राप्तिकर दिल्लीला जातो. घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क राज्याच्या तिजोरीत जातं. महापालिकेला थेट मिळतो तो मालमत्ता कर. पण पालिकेचा सर्वांत मोठा आधार वर्षानुवर्षं जकात होता. शहराच्या नाक्यावरून आत येणाऱ्या मालावर जकात लागे आणि दुकानदार ती किमतीत मिळवून गिऱ्हाइकाकडून वसूल करी. धारावीतल्या बाईने घेतलेल्या साबणातही ती होती, पेडर रोडवरच्या घरातल्या फ्रीजमध्येही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात संपली, आणि त्या बदल्यात राज्य सरकार पालिकेला भरपाई देतं. आज ही भरपाई पालिकेच्या उत्पन्नातली सर्वांत मोठी बाब आहे. म्हणजे शहर चालतं ते प्रत्येकाच्या खरेदीवर.

मालमत्ता कराचंही ऐका. २०१० पर्यंत हा कर घराच्या संभाव्य भाड्यावर ठरे. आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवलेली होती. त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या जुन्या, प्रशस्त घराला अनेकदा बोरिवलीच्या नव्या वन-रूम-किचनपेक्षा कमी कर येई. ही तफावत दूर करायला एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर, कर आला. तेव्हासुद्धा निवासी घरांचा कर एकदम दुपटीपेक्षा जास्त वाढू नये अशी मर्यादा घालण्यात आली. म्हणजे अनेक दशकं उपनगरातला मध्यमवर्ग तुलनेने जास्त भरत होता.

एक गोष्ट मान्य करतो. १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. मोठ्या घराचा कर सुरू आणि शेजारच्या छोट्या घराचा माफ, हे खटकणं स्वाभाविक आहे, आणि त्यावर वाद घालायला जागा आहे. पण तो निर्णय २०२२ चा, म्हणजे अगदी अलीकडचा. त्यावरून दीडशे वर्षांच्या शहराचा हिशोब मांडता येत नाही.

‘फुकट पाणी’

मुंबईत नळजोडणी असलेल्या कुणालाच पाणी फुकट नाही, आणि कुणालाच महागही नाही. घरगुती वापराचा पालिकेचा दर हजार लिटरला दहा रुपयांहून कमी आहे, मग ती झोपडी असो वा समुद्रासमोरचा मजला. महाग पाणी तो पितो ज्याच्याकडे जोडणी नाही. त्याला हंड्याच्या, ड्रमच्या भावाने विकत घ्यावं लागतं, आणि हजार लिटरचा हिशोब केला तर तो पालिकेच्या दराच्या कित्येक पट निघतो.

किती पाणी कुणाला, हेही पाहा. पालिकेचा वर्षानुवर्षांचा निकष इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर असा होता. ४५ लिटरमध्ये आंघोळ, कपडे, भांडी, स्वयंपाक, पिणं सगळं. आणि तेही कागदोपत्री पात्र असेल तर. ठरावीक तारखेनंतर बांधलेल्या झोपडीला जोडणीच द्यायची नाही, असा नियम होता. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी अनधिकृत म्हणून माणसाचं पाणी तोडता येणार नाही. त्यानंतर ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण यायला २०२२ उजाडलं. पाण्यासाठी कोर्टात जावं लागलेली माणसं ‘फुकट पिणारी’ कशी?

आणि हे पाणी येतं कुठून? विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. पहिले दोन सोडले तर बाकी सगळे शहराबाहेरचे. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. मुंबईच्या नळाचं पाणी ज्यांच्या शिवारातून येतं त्यांच्या डोक्यावर मे महिन्यात हंडा असतो. हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि त्यानंतर घरचा नळ वाहता सोडणं मला जमत नाही.

‘आमच्या पैशातून फुकट घरं’

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेबद्दल हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज आहे. १९९५ पासूनच्या या योजनेत पात्र झोपडीधारकाला मिळणारं घर करातून बांधलं जात नाही. विकासक ते बांधतो, आणि बदल्यात त्याला त्याच जागेवर बाजारभावाने विकायला जास्तीचं बांधकाम मिळतं. तिथे बसलं नाही तर टीडीआर, म्हणजे ते बांधकाम दुसरीकडे वापरण्याचा हक्क. हा हक्क विकता येतो.

तो विकत कुणी घेतला? १९९१ च्या नियमावलीप्रमाणे टीडीआर बेट-शहरात, म्हणजे दक्षिणेकडच्या जुन्या मुंबईत, वापरता येत नव्हता, तो उपनगरांत, जिथे तयार झाला त्याच्या उत्तरेकडे वापरायचा होता. साहजिकच जिथे घराला सर्वाधिक भाव तिथे तो गेला. खार, सांताक्रूझ, जुहू, विलेपार्ले. जुने बंगले आणि तीन मजली सोसायट्या जाऊन जे सात-आठ मजले उभे राहिले, त्यातल्या वरच्या कित्येक मजल्यांचा हक्क कुठल्यातरी झोपडपट्टीच्या पुनर्वसनातून आलेला आहे. झोपडीवाल्याला तीनशे चौरस फुटांच्या आतलं घर मिळालं, तेही बहुतेकदा दाटीवाटीच्या इमारतीत, जिथे शेजारच्या इमारतीमुळे खालच्या मजल्यांना ऊन दिसत नाही. त्या व्यवहारात कुणाच्या वाट्याला जास्त आलं, हे जुहूच्या घराच्या किमतीवरून कळतं.

योजनेत घोटाळे आहेत, खोट्या पात्रता आहेत, घर विकून पुन्हा झोपडीत गेलेले लोकही आहेत. त्यावर जरूर लिहावं. फक्त ‘आमच्या करातून’ हे शब्द खोटे आहेत.

‘सरकार आमच्यासाठी काही करत नाही’

ऑगस्ट २०२० च्या पावसात मलबार हिलची दरड खचून केम्प्स कॉर्नरजवळचा रस्ता फुटला. तो महापालिकेने बांधून दिला, आणि द्यायलाच हवा होता. त्याहून मोठं उदाहरण सागरी किनारा मार्गाचं. मरीन ड्राइव्ह ते वरळी, १०.५८ किलोमीटर, महापालिकेच्या पैशातून, सुमारे १४ हजार कोटी रुपये. मलबार हिलच्या पोटातून दोन बोगदे. टोल नाही. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे, रिक्षाला बंदी आहे. डिलिव्हरी करणारा मुलगा त्या रस्त्यावर चढूच शकत नाही. वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांना आपल्या होड्या जायला पुलाच्या दोन खांबांत जास्त अंतर मिळावं म्हणून कित्येक महिने काम अडवून भांडावं लागलं. शेवटी १२० मीटर मिळालं.

या वस्त्यांमधल्या लोकांनी शहरासाठी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. ओव्हल मैदान आज हिरवं आहे त्यामागे तिथल्या रहिवाशांनी कोर्टात दिलेला लढा आहे. कुठलंही मैदान वाचलं तर ते सगळ्या शहराचं वाचतं. माझं भांडण त्या माणसांशी नाही, मेसेजमधल्या हिशोबाशी आहे.

‘ही मंडळी गेली तर मुंबई बंद पडेल’

हे एकदा उलट्या बाजूने घडून गेलं आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सोसायट्यांच्या फाटकांवर घरकामाच्या बायकांना अडवलं गेलं. कित्येकींचे पगार बंद झाले. दोन महिन्यांत त्याच सोसायट्यांत ‘बाईला कधीपासून येऊ देणार’ ही विचारणा सुरू झाली. कफ परेडच्या मनोऱ्यांना लागूनच गणेशमूर्ती नगर, आंबेडकर नगर आणि मच्छीमार नगर आहे. हे शेजार योगायोगाने झालेलं नाही. मनोऱ्यातल्या घरांची भांडी, लादी, गाड्या, लहान मुलं आणि म्हातारी माणसं याच गल्ल्यांमधले हात सांभाळतात. त्यांच्यासाठी राज्यात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. अंमलबजावणी इतकी ढिली की बहुतेक बायकांना तो ठाऊकच नाही.

त्या टाळेबंदीत एक काम मात्र एक दिवसही थांबलं नाही. सगळ्या वॉर्डांतला कचरा रोज उचलला गेला आणि देवनार-कांजूरच्या कचराभूमीवर पोचला, ज्याचा धूर आणि वास वर्षभर गोवंडीची माणसं घेतात. हा कचरा उचलणाऱ्यांपैकी २,७०० कंत्राटी सफाई कामगार वर्षानुवर्षं कायम नोकरीसाठी महापालिकेविरुद्ध न्यायालयात लढत होते. त्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तो एप्रिल २०१७ मध्ये. तोवर ते रोज झाडू घेऊन कामावर येतच होते, मलबार हिललाही.